हनार: आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी रात्री कर्वेनगरात एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण जमतो. टीव्ही एक, कंट्रोलर दोन, मतं आठ. सध्या मास इफेक्ट या व्हिडिओ गेमची तिसरी फेरी चालू आहे. नवीन आलेला प्रत्येक जण साधारण दुसऱ्या तासाला पडद्याकडे बोट दाखवून विचारतो, "ए, हे काय लोंबतंय?" ते म्हणजे हनार. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून मी हे एकदाचं लिहून काढलं. गोष्टीचा शेवट कोणता निवडावा, प्रेम कोणाशी जमवावं, असले प्रश्न इथे घेतलेले नाहीत. त्यावर आमच्याकडे भांडणं होतात आणि शेजारचे काका दार वाजवतात.

तिन्ही भागांतली थोडी गुपितं मधे मधे फुटणार आहेत. खेळायचं राहिलं असेल तर आधी खेळून या.

हनार म्हणजे नक्की कोण?

मास इफेक्ट ही कॅनडातल्या बायोवेअर या स्टुडिओची रोल-प्लेइंग मालिका. पहिला भाग २००७ च्या नोव्हेंबरात आला, दुसरा २०१० च्या जानेवारीत, तिसरा २०१२ च्या मार्चमध्ये. गोष्ट बाविसाव्या शतकातली. माणसं ताऱ्यांपर्यंत नुकतीच पोचलीत आणि तिथे आधीच गर्दी आहे. सिटाडेल नावाच्या अवाढव्य अंतराळस्थानकावर सगळ्या जमातींचा कारभार चालतो. असारी, तुरियन आणि सलारियन या तीन जमाती परिषदेत बसतात. हनारांना परिषदेत खुर्ची नाही. (खुर्ची दिली तरी बसणार कसे, हा विनोद आमच्याकडे दर वेळी होतो. तुम्ही आलात तर करू नका.)

दिसायला जेलीफिशसारखे. जेलीफिश पाहिला नसेल तर दिवाळीतला आकाशकंदील डोळ्यांपुढे आणा. वर फुगीर भाग, खाली झिरमिळ्या, आतून मंद उजेड, रंग गुलाबी-जांभळा. उंची माणसापेक्षा थोडी जास्त, पण त्यातली बरीचशी झिरमिळ्यांचीच. चेहरा असा नाहीच. दोन पायांवर चालणाऱ्यांच्या त्या जगात हनार हे मोजक्या अपवादांपैकी एक. म्हणून तर नवीन माणसाची नजर तिथेच अडकते.

गेममध्ये ते भेटतात कुठे?

फार ठिकाणी नाही, आणि जिथे भेटतात तिथेही बहुतेक लोक घाईने पुढे जातात.

पहिल्या भागात सिटाडेलच्या प्रेसिडियमवर एक हनार धर्मप्रचार करत असतं. परवाना नाही, त्यामुळे एक तुरियन पोलीस त्याला हटवायला बघतोय. हनार शांतपणे, अतिशय सभ्य भाषेत जागचं हलत नाही. मधे पडून कोणाची समजूत घालायची ते तुमच्या हातात. शेपर्डला (म्हणजे आपण खेळतो त्या नायकाला) उद्धट उत्तरं द्यायला लावलंत तर तो त्याला तोंडावर 'मठ्ठ जेलीफिश' म्हणतो. आमच्यातल्या एकाने पहिल्या फेरीत हेच निवडलं होतं, त्याला अजून ऐकून घ्यावं लागतं. तिथेच प्रेसिडियमवर डेलानिंडर नावाचं हनार दुकान चालवतं. मग नोव्हेरिया या बर्फाळ ग्रहावरच्या बंदरात ओपोल्ड भेटतं. तेही व्यापारी, पण हे एक पुडकं जकातीच्या नजरेतून चुकवून आणून द्या, अशी गळ घालतं. तस्करीची एवढी अदबशीर विनंती मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

दुसऱ्या भागात हनार कमी आणि त्यांची सावली जास्त, त्याबद्दल खाली येईल. तिसऱ्यात एका हनार राजनैतिक अधिकाऱ्याचं प्रकरण आहे. ते सोडू नका.

तोंड नाही, मग बोलतात कसे?

उजेडाने. अंगावर उमटणाऱ्या प्रकाशाच्या नक्षीतून त्यांची भाषा चालते. आपल्याला ऐकू येतो तो यंत्राने केलेला अनुवाद, म्हणूनच तो आवाज गुळगुळीत, घुमल्यासारखा येतो. पुढच्या वेळी संवादाची पट्टी न वाचता नुसतं त्याच्या अंगाकडे बघा. बोलताना ते उजळतं.

एकमेकांत ते काटेकोर बोलतात आणि कमालीचं सौजन्य पाळतात. कोणी शब्द चुकवला, सैल बोललं, तर हनार दुखावतं. ही सवय मोडायला त्यांना खास शिक्षण घ्यावं लागतं, नाहीतर बाहेरच्या जमातींशी व्यवहारच करता येणार नाही. म्हणजे उद्धटपणा सहन करण्याचा अभ्यासक्रम! आता इथे पुण्यातल्या दुकानदारांवरचा विनोद अगदी हाताशी आहे. तो मी सोडून देते. सगळ्यांनी करून झालाय.

ते स्वतःला 'मी' का म्हणत नाहीत?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बाकीची उत्तरं एक प्रकारे याच्याच पोटात आहेत.

हनारांच्या रीतीत, ज्याच्याशी जवळीक नाही त्याच्यासमोर 'मी' म्हणणं म्हणजे अहंकार. परक्यांत ते स्वतःला 'धिस वन' म्हणतात, नाहीतर नुसतं 'इट'. प्रेसिडियमवरचं हनार 'मी हलणार नाही' असं म्हणत नाही. 'याला इथून जाता येणार नाही' अशा धर्तीवर बोलतं. अर्थ तोच, पण नकार देणारा कोणी नाही. भिंतीशी भांडल्यासारखं होतं. त्या तुरियन पोलिसाची चिडचिड बघा, म्हणजे कळेल.

इंग्रजी खेळाडूंना हा प्रकार विचित्र वाटतो. मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा ओळखीचा वाटला. आजोबांच्या जुन्या पत्रांचा एक गठ्ठा आमच्याकडे आहे. वर 'सा. न. वि. वि.', खाली 'आपला आज्ञाधारक', आणि मधल्या दीड पानात 'मी' हा शब्द शोधून सापडत नाही. 'येणे जमले नाही', 'पैसे पावले', 'मुलीचे पाहावे असे मनात आहे'. कोणाच्या मनात? ज्याने पत्र लिहिलं त्याच्याच. पण तसं लिहायचं नाही.

मग 'धिस वन'चं मराठी काय करायचं?

यावर आमचे दोन शनिवार गेलेत, त्यामुळे जरा लांब सांगते.

मित्राला काही संवाद मराठीत डब करून बघायचे होते. पहिलं नाव पुढे आलं 'अस्मादिक'. पण अस्मादिक म्हणणारा माणूस मिशीतल्या मिशीत हसत असतो, आणि हनार गंमत करत नसतं. 'हा पामर' कीर्तनात शोभतं, ओपोल्डच्या तोंडी घातल्यावर तस्कर एकदम संत झाला. 'प्रस्तुत' म्हटलं की पीएचडीचा प्रबंध, 'सदर' म्हटलं की पंचनामा: सदर जेलीफिश मौजे नोव्हेरिया येथे संशयास्पद स्थितीत तरंगत असताना मिळून आला. यावर आम्ही पंधरा मिनिटं हसलो आणि काम थांबलं. कोणीतरी 'आपण' सुचवलं. 'आपण नाय घाबरत कोणाला' म्हणणाराही 'मी' गाळतोच की. पण तो छाती पुढे काढून गाळतो.

तोडगा काढला तो डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीने. ती म्हणाली, सर्वनाम शोधत बसू नका, लिंग बघा. मराठीला नपुंसकलिंग आहे, त्याचा उपयोग करा. इंग्रजीत जिवंत, बोलत्या जिवाला 'इट' म्हटलं की तो वस्तू होतो, अपमान वाटतो. हिंदीत तर ती सोयच नाही, 'करता है' आणि 'करती है' यातलं एक निवडावंच लागतं. आपल्याकडे ते बाळ, ते लेकरू, ते कोकरू, ते पाखरू. नपुंसकात माया आहे. तेव्हा हनारही 'ते', आणि स्वतःबद्दल बोलताना 'हे'. 'हे आपली क्षमा मागतं.' 'हे आपल्याकडे एक विनंती घेऊन आलंय.' वाचून बघा. मोठ्या, थोराड प्राण्याने लहानपण घेतल्यासारखं वाटतं ना? या पानावर मी 'ते हनार' असं लिहितेय ते त्या दिवसापासून.

(अनेकवचनात मात्र माझी जीभ 'ते हनार बोलतात' अशीच वळते, 'ती हनारं' जमत नाही. व्याकरणवाल्यांनी माफ करावं.)

त्यांना दोन नावं असतात म्हणे?

हो. एक चारचौघांतलं, इंग्रजीत 'फेस नेम'. परक्यांनी, ओळखीच्यांनी त्याने हाक मारायची. दुसरं 'सोल नेम', आपण आतलं नाव म्हणू. ते फक्त जिवाभावाच्यांसाठी आणि बहुधा काव्यमय. एखाद्या ओळीएवढं लांब.

हे मी आजीला सांगितलं होतं. ती तेव्हा सत्त्याऐंशीची. मी लॅपटॉपवर खेळत होते आणि ती शेजारी ताट घेऊन डाळिंब्या सोलत बसली होती. पडद्यावर हनार आलं तशी म्हणाली, "हा कंदील काय म्हणतोय?" मी सांगितलं, आजी, ह्यांच्यात खरं नाव परक्यासमोर घेत नाहीत, स्वतःला 'मी'पण म्हणत नाहीत. मला वाटलं होतं ती हसेल. तिने बोटांतली डाळिंबी ताटात टाकली आणि म्हणाली, "मग त्यात काय एवढं? तुझ्या आजोबांचं नाव मी कधी घेतलंय का? 'हे' म्हणायचं, झालं. आणि घ्यायचंच असलं तर उखाण्यात."

उखाणा! मला सुचायला हवं होतं. नाव उघडं घ्यायचं नाही, घ्यायचं तर दोन ओळींच्या कवितेत गुंडाळून. फरक एवढाच की आपल्याकडे ती लपवाछपवी बायकोनेच करायची असे, आणि हनारांकडे सगळ्यांनी सारखीच.

मग तिने दुसरं सांगितलं. लग्नात तांदळावर लिहिलेलं नवं नाव तिला पुढे सत्तर वर्षं चिकटलं. रेशनकार्डावर, पासबुकावर, आम्हा सगळ्यांच्या तोंडी तेच. माहेरचं नाव हाक मारणारी एकच बहीण उरली होती, साताऱ्याला. ती गेली तेव्हा आजी फोन ठेवून म्हणाली होती, "आता त्या नावाला ओ देणारं कोणी नाही, आणि हाक मारणारंही." फेस नेम आणि सोल नेम मला त्या दुपारी डाळिंब्यांच्या ताटाशेजारी नीट समजले.

गेममधलं एक आतलं नाव तर मुद्दाम ऐकण्यासारखं आहे. तिसऱ्या भागातल्या त्या अधिकाऱ्याचं चारचौघांतलं नाव झिमँडिस. आतल्या नावाचा अर्थ साधारण 'चेतवणाऱ्यांच्या कृती पाहून हताश होणारे'. ज्यांनी शाळा-कॉलेजात शेलीची ओझिमँडियस ही कविता वाचलीय त्यांच्या डोक्यात इथे दिवा लागेल. तिथेही उद्ध्वस्त पुतळ्याच्या पायथ्याशी असंच लिहिलेलं आहे, की माझी करणी पाहा आणि हताश व्हा. लेखकांनी कवितेतल्या अहंकारी राजाचं नाव 'मी' न म्हणणाऱ्या जमातीतल्या एकाला दिलं. अशा जागा सापडल्या की गेमचे पैसे वसूल होतात.

'चेतवणारे' म्हणजे कोण?

हनारांचं दैवत. इंग्रजीत एन्किंडलर्स. कट्ट्यावर त्यांना 'दीपप्रज्वलनाचे प्रमुख पाहुणे' म्हणतात, आणि पुण्यात वाढलेल्या माणसाला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. हनार मानतात की फार पूर्वी एका थोर जमातीने येऊन त्यांना सुसंस्कृत केलं, भाषा दिली. बाकी जग त्याच जमातीला प्रोथियन म्हणतं. पन्नास हजार वर्षांपूर्वी नाहीसं झालेलं साम्राज्य, मागे फक्त अवशेष. हनारांच्या काहजे या ग्रहावरही असे अवशेष आहेत, तेव्हा श्रद्धा अगदीच हवेतली नाही.

इथे मला काहजेचं आकाश फार महत्त्वाचं वाटतं. त्या ग्रहाचा नव्वद टक्के भाग समुद्र. तो एका प्रखर पांढऱ्या ताऱ्याभोवती फिरतो, त्यामुळे पाण्याची वाफ होऊन ढगांचं पांघरूण कायमचं. म्हणजे तिथे जन्मलेल्याला मान वर करून तारा दिसतच नाही. जुलैत पुण्यात पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही तेव्हाच आपल्याला कसंतरी होतं. इथे तर पिढ्यान् पिढ्या. एकदा आयुका या खगोलसंस्थेत विज्ञान दिनाला दुर्बिणीसमोर रांगेत उभी होते तेव्हा हाच विचार डोक्यात होता: ज्यांना वर काही आहे हेच दिसलं नाही, त्यांच्याकडे ढग फाडून कोणीतरी उतरलं, बोलायला शिकवलं आणि गेलं. देव म्हणण्यावाचून दुसरं काय करतील? गेममध्ये हे कोणी असं उलगडून सांगत नाही, हा माझाच जोड आहे.

आणि मग खरा प्रोथियन भेटतो तेव्हा?

तिसऱ्या भागाच्या 'फ्रॉम अ‍ॅशेस' या पुरवणीत जाविक नावाचा जिवंत प्रोथियन सापडतो, हजारो वर्षं थंड झोपेत ठेवलेला. देव म्हणून ज्याची वाट पाहिली तो निघतो रागीट, तुसडा सैनिक. त्याच्या लोकांनी आकाशगंगेवर राज्य केलं ते इतर जमातींना दाबून, हे तो लपवतही नाही. हनार मात्र विरघळतात. पुढे तुमच्या निवडी कशा पडतात त्यावर, रीपर्स या शत्रू यंत्रांशी चाललेल्या युद्धानंतर काहजेला जाऊन हनारांमध्ये राजासारखं राहीन, असंही तो बोलून जातो. घरात सतत खेकसणारे एखादे काका नातवंडांच्या कौतुकाने पाघळतात, तसं काहीसं.

एवढे नम्र म्हणजे दुबळे असणार?

शरीराने, हो. पकड घट्ट असते, पण एकेक शुंड काहीशे ग्रॅमपेक्षा जास्त उचलू शकत नाही. पाव किलो चहाचा पुडा उचलतील, पाच किलो गव्हाच्या पिठाची पिशवी विसरा. पाण्याबाहेर स्वतःचं वजनही पेलत नाही, म्हणून तरंगवणारं यंत्र अंगावर बाळगतात. नैसर्गिक विष मात्र आहे.

पण दुबळे म्हणून गरीब समजू नका. इथे ड्रेल येतात.

ड्रेल ही सरड्यासारख्या कातडीची, माणसाच्या बांध्याची जमात. त्यांचा राखाना हा कोरडा ग्रह त्यांनी स्वतःच उद्योगधंद्यांनी ओरबाडून संपवत आणला होता. हनारांना ते सापडले तेव्हा लोकसंख्या अकराशे कोटी. पुढच्या दहा वर्षांत हनारांनी पावणेचार लाख ड्रेल उचलून काहजेला नेले. मागे राहिलेले उरल्यासुरल्या पाण्या-अन्नावरून एकमेकांना मारत संपले.

वाचलेल्यांनी हनारांशी एक करार केला, 'काँपॅक्ट'. हनारांना जे जमत नाही, विशेषतः लढणं, ते ड्रेल त्यांच्यासाठी करतात. दुसऱ्या भागात भेटणारा थेन क्रियोस हा मारेकरी याच करारातून घडलेला. वयाच्या सहाव्या वर्षी त्याला शिक्षणाला लावलं. सहाव्या वर्षी आपल्याकडे मूल पहिलीत जातं. आणि ज्या दमट ग्रहाने जीव वाचवला तोच ग्रह ड्रेलांच्या वाळवंटी फुप्फुसांना सोसत नाही. केप्रल्स सिंड्रोम नावाच्या आजाराने श्वास हळूहळू जातो. थेनला तोच आजार आहे.

मग ही गुलामगिरी झाली का?

कट्ट्यावर यावर तट पडलेत. थेन स्वतः तसं मानत नाही, उलट सेवेची संधी हा मान आहे असं सांगतो. आमच्यातले तिघे-चौघे त्याच्या शब्दाचा मान ठेवतात.

मला पटत नाही. मराठीत यासाठी 'मिंधा' हा नेमका शब्द आहे. गुलामाला साखळी दिसते, मिंध्याला दिसत नाही. अडचणीत कोणी लाखभर रुपये दिले, तर ते फेडता येतात. दिले आणि वर चारचौघांत ऐकवले, तर निदान रागावता येतं, आणि रागातही एक प्रकारची सुटका असते. हनार ऐकवणार कसे? 'मी तुम्हाला वाचवलं' हे वाक्यच परक्यासमोर त्यांच्या भाषेत बसत नाही. त्यामुळे ड्रेलांवर एक असा उपकार आहे जो करणारा कोणी पुढे येऊन कबूल करत नाही. तो फेडायचा कोणाला? मग पोर सहा वर्षांचं झालं की द्यायचं. पुढच्या पिढीनेही द्यायचं.

त्यांनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. हनार प्रामाणिकच आहेत. माझं म्हणणं एवढंच, की 'मी' गाळल्याने अहंकार जातो हे जितकं खरं तितकीच जबाबदारीही जाते. आपल्या सरकारी कागदावर 'कार्यवाही करण्यात आली', 'झाड तोडण्यात आले' असतं ना? कोणी तोडलं ते शोधत बसा. ओपोल्डचं पुडकं बघा, प्रेसिडियमचा हट्ट बघा, करार बघा. तीच रचना.

तिसऱ्या भागातलं ते प्रकरण काय?

थोडक्यात: झिमँडिस रीपर्सच्या प्रभावाखाली गेलेलं असतं आणि काहजेची संरक्षणव्यवस्था आतून पोखरायला निघतं. शोध घ्यायला जॉन्डम बाउ हा सलारियन स्पेक्टर, म्हणजे परिषदेचा विशेष हस्तक, सोबत असतो. दुसऱ्या भागातली चोरटी कासुमी तोवर जिवंत ठेवली असेल तर तीही लपून सोबत असते, आणि तिने फार फरक पडतो. एका क्षणी एका माणसाचा जीव आणि एक अख्खा ग्रह यांत झटकन निवडावं लागतं. तो क्षण सांगून टाकला तर मला कट्ट्यावरून काढतील.

ब्लास्टो कोण?

ब्लास्टो हे गेमच्या जगातल्या सिनेमांतलं पात्र: पहिलं हनार स्पेक्टर. दुसऱ्या भागात सिटाडेलवर त्याची जाहिरात ऐकू येते, तिसऱ्यातही तो पिच्छा सोडत नाही. गोळीबार, पाठलाग, प्रेमप्रकरणं, सगळं मारधाडपटाचं सामान, आणि नायक आपला 'हे आपल्यावर गोळी झाडतंय' या धाटणीत बोलणारा. ज्याला पाच किलो उचलता येत नाही त्याच्या शुंडांत बंदुका. विनोद कळायला आधी हनारांचं बोलणं अंगवळणी पडावं लागतं, म्हणून पहिला भाग न खेळता आलेल्यांना तो फुसका वाटतो.

हनार आपल्या तुकडीत घेता येतं का?

नाही. तिन्ही भागांत नाही. २०१७ च्या अँड्रोमेडामध्ये तर दर्शनही नाही.

यात खरं शास्त्र किती?

वाटतं त्यापेक्षा जास्त. खऱ्या जेलीफिशच्या शरीरात साधारण पंच्याण्णव टक्के पाणी. हाडं नाहीत, मेंदू नाही, नुसतं मज्जातंतूंचं जाळं. पाणी आधार देतं तोवरच तो घुमट उभा. दिवेआगरला एकदा पहाटे वाळूत एक पडलेला पाहिला होता. शहाळ्यातली मलई चमच्याने काढून कोणी फेकून दिली असावी तसा दिसत होता, एवढंसं पाणी सुटलेला. तेव्हा हनारांचं तरंगवणारं यंत्र म्हणजे कल्पनेचे लाड नाहीत. ते काढलं तर त्या बोलत्या, धर्म सांगणाऱ्या जिवाचं असंच होईल.

उजेडही खरा. इक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधून ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये प्रकाश देणारं प्रथिन वेगळं काढलं. त्याच्याच सोबत सापडलेलं हिरवं चमकणारं प्रथिन पुढे पेशींच्या आतलं बघायला जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आलं, आणि त्यासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. तो उजेड बोलण्यासाठी नसतो एवढंच.

मेंदूशिवाय विचार कसा करतात हे गेम सांगत नाही. जाऊ दे.

खाता येतात का?

हा प्रश्न माझ्या आईचा. खरे जेलीफिश चीन-जपानात खातात, वाळवून, खारवून. हनारांबद्दल असं विचारलंत तर ते दुखावतील, पण सभ्यपणे.

सुरुवात कुठून करू?

२०२१ मध्ये तिन्ही भाग सुधारून 'लेजेंडरी एडिशन' म्हणून एकत्र आलेत, बहुतेक सगळ्या पुरवण्यांसकट. तेच घ्या आणि पहिल्यापासून खेळा. एका भागातून पुढच्यात जाताना तुमचे निर्णय सोबत येतात. पहिल्या भागातली गाडी चालवताना चिडचिड होईल, ती सगळ्यांचीच होते.

हनारचा पोशाख कसा करायचा? (हे एकाच मुलीने विचारलं, पण तीन वेळा.)

मी केलाय. मित्राच्या वाढदिवसाला. पारदर्शक छत्री घ्या, घुमटासारखी खोल असलेली. आतून गुलाबी सेलोफेन चिकटवा. छत्रीच्या काड्यांना साटीनच्या रुंद पट्ट्या बांधा, लांबी जमिनीपासून वीतभर वर, नाहीतर स्वतःच्याच शुंडांत पाय अडकतो. उजेडासाठी तपकीर गल्लीतून बॅटरीवर चालणारी एलईडी माळ आणा. घेताना लावून बघा. मी बघितली नाही, आणि माझं हनार अर्ध्या बाजूने मुकं होतं. काळे कपडे घालून छत्री डोक्यावर टेकवा, झालात तुम्ही.

रिक्षा मात्र आधी ठरवा. कर्वे रोडवर तीन रिक्षा माझ्याकडे बघून न थांबता गेल्या. चौथ्या काकांनी थांबून छत्री वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "डेकोरेशनचं सामान आहे का ताई? मागे ठेवा, पट्ट्या आत घ्या, चाकात जातील." मी म्हटलं, "काका, हे आपलं आभारी आहे." मित्रांसाठी पाठ केलेलं वाक्य तोंडातून निसटलं. ते म्हणाले, "कोण?"

पोशाखाचं पुढे काय करायचं हाही प्रश्न येतोच. मी दांडा कापला, पट्ट्या राहू दिल्या, माळ बदलली आणि दिवाळीत गॅलरीत टांगलं. सोसायटीतल्या काकूंनी खालून हाक मारून विचारलं, यंदाचा कंदील कुठून आणलास, वेगळाच आहे.